सहा मिनिटांची परवानगी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तांब्याच्या तारेचा व्यापारी दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती कोरीच्या कोरी माळ्यावर जाते. यंदा श्रुती म्हणाली, "मिस्त्री काका, आवाज लिहून ठेवा की. कुठली मोटर कशी वाजत हुती आन् उघडल्यावर आत काय निघालं. तुमच्या माघारी कुणाला कळायचं?" माघारी हा शब्द काही मला आवडला नाही, पण म्हणणं खरं होतं. जानेवारीभर नुसते आवाज लिहिले. आज डोक्यात दुसरंच घोळतंय, तर तेच लिहितो.

मी आकाराम. राजारामपुरीत तेराव्या गल्लीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. सातवीतून शाळा सुटली ती उद्यमनगरातल्या एका दुकानात येऊन टेकलो. तिथला मालक मीटरला हात लावू द्यायचा नाही, म्हणून कानानं शिकलो. मोटर चालू केली की ती आपणच सांगते तिला काय झालंय. बुश झिजलं असलं तर खडखडते, एक फेज गेला असला तर कण्हते, पाण्यातल्या पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह हवा ओढत असला तर गुळण्या करते. एवढ्या भांडवलावर मी उभा राहिलो.

श्रुती माझ्याकडं कामाला आहे. गडमुडशिंगीहून रोज बसनं येते. आयटीआय झालेली, आणि वाइंडिंगला तिच्यासारखा हात मी भल्याभल्यांत पाहिला नाही. तीन वर्षांपूर्वी तिनं फोनवर एक रूम काढली, नाव ठेवलं 'मोटरचा आवाज'. शेतकऱ्यानं विहिरीवर मोटर चालू करायची, फोन जवळ धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं आणि रूममध्ये टाकायचं. मी ऐकतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. आज तेवीसशे माणसं आहेत. त्यात बायका चारशेच्या वर, कारण नवरे एमआयडीसीत आणि मोटर बायकांच्या गळ्यात.

ॲडमिन तिघं. मी, श्रुती आणि आमच्याच गल्लीत पंपाचे सुटे भाग विकणारा जोतीराम. ह्या रूममध्ये कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, फक्त नाव आणि गाव दिसतं. सदस्यांना एकमेकांशी खाजगीत बोलता येत नाही. ॲडमिनला मात्र कुणालाही खाजगी निरोप पाठवता येतो. तर हा जोतीराम तिथं बायकांना लिहीत बसलेला, "वहिनी, मोटर बरी हाय न्हवं? आन् तुम्ही?" एका बाईनं ते श्रुतीला दाखवलं. काल जोतीरामला काढला.

श्रुती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, खाजगीची परवानगीच बंद करूया. माझी, तुमची, सगळ्यांची.

"अगं, मी काय जोतीराम हाय काय?"

"न्हाय की. पर त्या बायकांना ते कसं कळायचं? जोतीराम पण आधी जोतीराम नव्हता."

रूममध्ये मत घेतलं. खाजगी बंद, मोठ्या बहुमतानं. मीही बंदच्या बाजूनं बोट दाबलं. नसतं दाबलं तर दिसलं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हातकणंगल्याकडचा अमरसिंह आज रूममध्ये सगळ्यांदेखत ओरडला. "मिस्त्री म्हणालं बेरिंग ठणठणीत, आन् आज बेरिंग जाम. कसली शिट्टी मारत हुतं ते, आमच्या म्हातारीला बी ऐकू येत हुती!" मी त्याची रेकॉर्डिंग परत लावली. शिट्टीबिट्टी काही नाही. स्वस्तातला फोन असणार, आवाज खातो. श्रुतीनं ऐकलं आणि म्हणाली, "हाय की, बारीक." म्हटलं, त्यानं सांगितलं म्हणून तुझ्या मनात बसलंय.

घरी संयोगिताचं काय बिनसलंय कळत नाही. तीस वर्षं खणखणीत बोलणारी बायको, हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. मी टीव्हीचा आवाज वाढवला की ही कमी करते. वर म्हणते, "अहो, अख्ख्या गल्लीला बातम्या ऐकवायचा ठेका घेतलाय का तुम्ही?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजरा तालुक्यातल्या एका गावातून पिराजी नावाच्या माणसाची रेकॉर्डिंग आली. गावाचं नाव इथं लिहीत नाही. दुपारी एक वाजून बावीस मिनिटं, लांबी बेचाळीस सेकंद. "मिस्त्री, मोटर सारखी ट्रिप हुतीया, बघा जरा." विहीर घरामागच्या परड्यातच असणार, कोंबड्या ऐकू येत होत्या. मोटरचं काही नव्हतं, स्टार्टरचे पॉइंट जळलेत. तसं सांगून टाकलं.

मग सवयीनं परत एकदा ऐकलं, आणि मोटरच्या मागं काहीतरी सापडलं. पत्र्यावर भांडं आपटावं तसं. तीनदा, मग थांबलं, परत तीनदा. आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"दार काढा की. दार काढा की ओ."

आपल्याकडं दार उघड म्हणत नाहीत, दार काढ म्हणतात. पुण्याचा एक इंजिनियर ह्यावर हसला होता, म्हणाला, "काढून ठेवायचं कुठं?" पण आज मला हसू आलं नाही. अकरा वेळा ऐकलं. कुणीतरी बाई आत आहे आणि दार काढा म्हणतेय, आणि बाहेर हा बाबा निवांत मोटर रेकॉर्ड करतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

श्रुतीला हेडफोन दिला, काही न सांगता. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"म्हातारी धार काढा म्हणतीया. म्हशीची."

"धार न्हवं गं, दार."

"धार, काका."

काल रात्रीच घरी संयोगितालाही ऐकवलं होतं. तीही म्हणाली, धार. बायकांचा कान गोठ्याकडंच.

पण मी एवढ्या सहज सोडणारा नाही. म्हटलं, "श्रुती, ह्यो आवाज किती वाजताचा हाय? एक बावीस. भर दुपारी धार कोण काढतंय? कुठली म्हस दुपारी दूध देती सांग मला."

तिनं हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, "ते मात्र खरं हाय."

थोड्या वेळानं तार गुंडाळता गुंडाळता तिनं सांगितलं की आजऱ्याला तिची मावसबहीण नर्स आहे. ती त्या गावच्या आशाताईला सांगेल. आशाताई घरोघर जातेच, सहज म्हणून डोकावेल, कुणाला काही वाटणार नाही. दोन-तीन दिवस लागतील.

"कोंडलेल्या माणसाला तीन दिवस? मी विचारतो की त्याला. खाजगीत."

"खाजगी बंद हाय."

"चालू करता येतंय."

"काका, त्यो फोन कुणाच्या हातात असतोय ते म्हाईत हाय तुम्हाला? घरात फोन एक आन् माणसं सा. त्यात खाजगी कसलं आलंय?"

डायरीत खोटं लिहून काय मिळणार, म्हणून लिहितो. आशाताईचा मार्ग चांगला होता. पण आशाताई जाऊन आली असती तर मिस्त्रीनं चौऱ्याऐंशी किलोमीटरवरून ऐकलं, हे कुणाला कळलं असतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

श्रुती डबा खायला गेली तेव्हा उरकलं. रूमच्या सेटिंगमध्ये गेलो. 'ॲडमिन सदस्यांना खाजगी निरोप पाठवू शकतात', चालू केलं. पिराजीला लिहिलं:

"पिराजीराव, मोटरच्या मागं आवाज आला. दार काढा असं एक बाई म्हणत होती. घरात कुणाला कोंडलंय काय? मला सांगा. कुणाला कळणार नाही. आकाराम मिस्त्री."

पाठवलं, आणि लगेच परवानगी बंद केली. चोरानं पायाचे ठसे पुसावेत तसं. वाटलं, काम झालं.

मला काय माहीत, सेटिंगला हात लावला की रूम आपणच दवंडी पिटते! तेवीसशे माणसांच्या फोनवर दोन ओळी उमटल्या. १:४१, आकाराम मिस्त्री यांनी ॲडमिनसाठी खाजगी निरोप चालू केले. १:४७, आकाराम मिस्त्री यांनी ॲडमिनसाठी खाजगी निरोप बंद केले.

पहिला विजयसिंह, कागलचा. "मिस्त्री, सा मिनिटांत काय उरकलं म्हणायचं?"

दुसरा कुणीतरी, "जोतीराम परवडला, त्याचं दुकान कायम उघडं हुतं."

मग एका बाईनं लिहिलं, "आम्ही मत कशाला दिलं मग?" तिच्याखाली अंगठेच अंगठे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, परवानगी मी बंद केल्यामुळं पिराजीला मला खाजगीत उत्तरच देता येईना. हे मला सुचलंच नव्हतं. त्यानं दिलं उघड्यावर, सगळ्यांपुढं.

"मिस्त्रींनी मला चोरून विचारलंय की घरात कुणाला कोंडलंय. माझी आई धार काढा म्हणत हुती. म्हशीची. माझ्या घरात कोण कोंडलेलं न्हाय. आधी कान धुवा मिस्त्री, मग दुसऱ्याच्या घरात घाला." आणि तो रूममधनं बाहेर पडला.

श्रुती डबा घेऊन उभीच राहिली. फोन बघितला, माझ्याकडं बघितलं आणि कामाला लागली. संध्याकाळी जातानाही येते म्हणाली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकसष्ट बायका रूममधून गेल्या. जाताना कुणी भांडल्या नाहीत, नुसत्या गेल्या.

जोतीराम चहा घेऊन दुकानात आला. "या मालक, आमच्या पार्टीत तुमचं स्वागत हाय." मी हसलो, चहाही घेतला. त्याच्यापुढं तोंड पाडलं असतं तर तो उद्या बिस्किटं घेऊन आला असता. तो गेल्यावर श्रुती दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आशाताई गेलती त्या घरात. उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय. पिराजी म्हणाला, कोल्हापूरच्या मिस्त्रीनं पाठवलंय काय?"

"मग?"

"मग काय? जे दार उघडं हुतं ते बी लागलं."

तिचं बोलणं एवढंच. मला ते बरोब्बर लागलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संयोगिता मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. आमच्याच राजारामपुरीत, एका क्लासच्या वर. म्हणाली, "एकदा बघून घ्या, म्हणजे भांडण मिटेल." कुणाचं भांडण ते तिनं सांगितलं नाही.

काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली. आवाज आला की बटण दाबायचं. मी जोरात सुरुवात केली, परीक्षेत पहिला येणाऱ्यासारखी. पुढं पुढं डॉक्टरीणबाई काचेपलीकडून माझ्याकडं बघत बसल्या आणि मी त्यांच्याकडं. मला वाटलं, मशीन थांबलंय.

थांबलं नव्हतं. कागदावर रेघ डावीकडं सरळ होती आणि उजवीकडं विहिरीत उतरावी तशी उतरली होती. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मोटरींमध्ये काढलीत, वरच्या पट्टीतलं बरंचसं गेलंय. मोटरची घरघर खालच्या पट्टीत असते, ती तुम्हाला अजून छान ऐकू येते. बारीक शिट्टी ऐकू येणार नाही. बोलण्यातली अक्षरं चुकतील. स, फ, थ, ध. त्यातली हवा तुमच्यापर्यंत पोचत नाही. माणसं पुटपुटतात असं वाटतं का?"

मी संयोगिताकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला.

ध मधली हवा गेली तर काय राहतं? द राहतो.

घरी येऊन बसलो, तेव्हा मनात एक आलं ते लिहितो. वाचणारा थुंकला तरी चालेल. मनात आलं, ती बाई खरंच कोंडलेली असू दे. दारच म्हणालेली असू दे. म्हणजे माझा कान शाबूत ठरेल. एका म्हातारीनं आत सडावं, एवढ्यासाठी. मी आकाराम, जगाशी हसूनखेळून वागणारा माणूस म्हणतात मला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन रेकॉर्डिंग आल्या. एकीलाही उत्तर दिलं नाही. श्रुतीनं ऐकून दिलं, आणि बरोबर दिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाडी काढली आणि आजऱ्याच्या वाटेला लागलो. संयोगिताला सांगून, श्रुतीला सांगून. श्रुती म्हणाली, "जावा. पर ऐकायला जाऊ नका, बघायला जावा." स्टार्टरचे नवे पॉइंट पिशवीत टाकले. निमित्त हवंच होतं, शिवाय ते मीच जळलेत म्हणून सांगितलेले.

गावात पोचलो तेव्हा एक वाजून गेलेला. पिराजीचं घर शेवटचं, ओढ्याच्या अंगाला. परड्यात विहीर, कोंबड्या. माणूस कुणी नाही. दाराला बाहेरून कडी, आणि कडीत लाकडाची खुंटी मारलेली. मी तिथं उभा राहिलो आणि आतून आलं. पत्र्यावर भांडं, तीनदा. मग थांबून परत तीनदा.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला.

"कोण हाय आत?"

बाजूच्या खिडकीत एक म्हातारी आली. कुंकू मोठं, अंगावर धुतलेलं पातळ, केस नीट विंचरलेले. हातात पितळेची चरवी. माझ्याकडं बघून म्हणाली, "दार काढा की." मला असंच ऐकू आलं. मी म्हटलं, "आजी, परत सांगा." आणि तोंड गजाजवळ नेलं. तिनंही आणलं आणि परत म्हणाली. त्या पहिल्या अक्षराला तिची हवा माझ्या गालाला लागली. कोमट.

ध.

"धार काढा की ओ. म्हस तटलीया. सकाळधरनं कुणी कास धरली न्हाय."

गोठ्याकडं बघितलं. खुंट होता, दावं होतं. म्हस नव्हती. शेणाचा वासदेखील नव्हता, गोठा कैक वर्षांचा रिकामा.

म्हणजे मी चुकलो होतो आणि बाई कोंडलेली होती. दोन्ही.

खुंटीला हात लावला, काढला, परत लावला. दुसऱ्याचं घर. शेवटी ओढली. चिमणाबाई, हे नाव मला नंतर कळलं, बाहेर आली, माझ्याकडं न बघता खुंटाशी जाऊन उकिडवी बसली, चरवी गुडघ्यांत धरली आणि मोकळ्या हवेत दोन्ही हातांनी धार काढू लागली. लयीत, न चुकता.

"कोण ओ पावणं?" मागून आवाज आला. पन्नाशीचा माणूस, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात खोरं.

"आकाराम. कोल्हापूरचा."

त्यानं खोरं खाली ठेवलं. मारतोय का काय असं वाटलं. तो दगडावर बसला.

"बघितलंसा? झालं समाधान?"

तोच बोलत राहिला, आईकडं बघत.

"दोनदा डांबरीवर गावली. एकदा ट्रकवाल्यानं आणून सोडली. बायको काजूच्या कारखान्यात, पाचला येती. पोरगी तेजस्वी कॉलेजात. दुपारी लाइट येती, मला पाण्यावर जायाला लागतंय. दोन तास कडी घालतो. दोनच तास. सकाळी न्हाऊ घालून, जेवाय घालून."

"मला काय म्हाईत पिराजीराव..."

"न्हवतं म्हाईत, तर गप बसायचं! तुमचा निरोप आला तवा आक्का घरात हुती, माझी भण, आईला भेटाय आलेली. मला बारीक अक्षर दिसत न्हाय. फोनवर काय बी आलं की तेजस्वी मोठ्यानं वाचती. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी हुती तिला, वाचलं की पोरीनं, सगळ्यांच्या म्होरं. घरात कुणाला कोंडलंय काय, कुणाला कळणार न्हाय." तो हसला, पण कसंतरीच. "आक्का उठली. म्हणाली, माझ्या आईला जनावरागत कोंडतोस? रडली, शिव्या घातल्या, गेली. आता फोन उचलत न्हाय."

"आन् आई?"

"ती हाय की हितं. आक्का घिऊन न्हाय गेली तिला."

खोऱ्याचा चिखल निपटत म्हणाला, "म्हणून पोरीकडनं रूमवर लिहून घेतलं, कोंडलेलं न्हाय म्हणून. काय लिहायचं हुतं तेवीसशे माणसांत?"

पिशवीतले पॉइंट काढले. जे येतं ते केलं. स्टार्टर उघडला, पॉइंट बदलले, मोटर चालू केली. ट्रिप झाली नाही. तेवढ्यात चिमणाबाई चरवी घेऊन माझ्यापुढं उभी.

"घ्या पावणं. निरसं हाय."

मी चरवी तोंडाला लावली आणि घोट घेतल्यासारखं केलं. "ग्वाड हाय," म्हटलं. ती खूश झाली. पिराजीनं तोंड फिरवलं.

निघालो तेव्हा त्याला परत पाण्यावर जायचं होतं. गाडीपर्यंत पोचलो नाही तोच मागं कडीत खुंटी बसली. तो आवाज मला नीट ऐकू आला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रूममध्ये माझा आवाज टाकला. श्रुती म्हणाली लिहून वाचा, पण मला वाचून बोलता येत नाही.

"मी आकाराम मिस्त्री. पिराजीराव बरोबर हुते, मी चूक. बाई धार म्हणाली, मी दार ऐकलं. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो, माझा वरचा आवाज गेलाय. अमरसिंह, तुझं बेरिंग शिट्टी मारत हुतं, मला ऐकू आली न्हाय. इथनं पुढं रेकॉर्डिंग आधी श्रुती ऐकंल, मग मी. आन् चोरून परवानगी चालू केली ती माझी खोड. मी ॲडमिन राहत न्हाय. ज्या बायका गेल्या त्यांना कोणतरी सांगा."

पिराजीच्या घरी गेलो होतो हे सांगितलं नाही. तिथं जे बघितलं ते तर नाहीच. हे खोटं झालं असं कुणी म्हणेल. असू दे. त्याचं होतं ते त्याच्याकडं राहू दे.

श्रुतीनं माझं ॲडमिनपद काढलं. रूमनं त्याचीही दवंडी पिटली. विजयसिंह म्हणाला, "मिस्त्री, चाळीस वर्षं ऐकलंसा, आता जरा आमचं ऐका, मशीन बसवून घ्या." एवढ्यावर भागलं. नऊ बायका परत आल्या. संयोगिता संध्याकाळी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी उठून तिच्यासमोर गेलो आणि विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, "काही नाही, मीठ संपलंय." मग बराच वेळ आम्ही तिथंच ओट्याशी उभं राहून बोललो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी पिराजी रूममध्ये परत आला. एक वाजून दहा मिनिटांनी त्यानं आवाज टाकला. मोटर बंद होती. श्रुतीनं आधी एकटीनं ऐकलं, मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि एकेक वाक्य थांबवून मला परत सांगितलं.

"मी पिराजी. मिस्त्रींनी परवा सगळं आपल्या अंगावर घेतलं, गावात एकानं ऐकवलं मला. ते आल्ते माझ्या घरी, डोळ्यांनी बघून गेल्यात, आन् तरी बोलले न्हाईत. तर मीच सांगतो. बाई धारच म्हणाली. पर ती कोंडलेलीच हुती. माझी आई. रोज दुपारचं दोन तास कोंडतो मी तिला. सुटली तर डांबरीला जाती. मला दुसरं काय सुचत न्हाय. कुणाला सुचत असलं तर सांगा. हितंच सांगा, खाजगीत नको."

वीस मिनिटं गेली. तेवीसशे माणसं, आणि एक मोटर वाजली नाही. श्रुती हातात तार धरून बसलेली.

मग कागलकडच्या एका बाईनं लिहिलं, "आम्ही सासऱ्यांना कोंडतो. कापणीच्या दिवसांत."

अमरसिंहनं लिहिलं, "आमच्या म्हातारीचा पाय खाटंला बांधतो. सैल. आज पहिल्यांदा सांगतोय."

मग एकामागून एक. कुणाचा भाऊ, कुणाची चुलती. कुणी सांगितलं, दाराच्या आतून रंगीत पडदा लावा, दार दिसलं नाही की माणूस जात नाही. कुणी म्हणालं, गळ्यात नाव-गाव घाला. कुणी नुसतं "आम्ही पण" लिहिलं. मोटर सोडून दुसरं काही टाकलं की तासाभरात काढायचं, असा आमच्या रूमचा नियम. श्रुतीनं एकालाही हात लावला नाही.

साडेचारला एक आवाज आला, पिराजीच्याच गावातून, सरुबाई नावाच्या बाईचा. मी श्रुतीकडं बघितलं, पण तिला सांगायची वेळ आली नाही. म्हातारी फोन तोंडात धरल्यासारखी ठणकावून बोलली होती.

"पिराजी, मी सरू, वढ्यापल्याडची. तुझ्या आईसंगं वीस वरसं रानात तण काढाय, भांगलाय हुते मी. दोन तास म्हातारीपशी बस म्हणाय तुला तेवीसशे माणसं गोळा कराय लागली व्हय रं मुडद्या? उद्या दुपारी एकला येते. जेवून येते, माझ्यासाठी काय करू नकोस."

"ऐकू आलं, काका?" श्रुतीनं विचारलं.

म्हटलं, हे आलं.